गडद हिरवं

कामावरच्या गच्चीचं दार ढकललं आणि सुयोग उंबऱ्यातच थांबला. शेवाळाच्या टाक्या पिवळ्या पडल्या होत्या. अगदी पिवळ्याही नाहीत, फ्रिजमागे घरंगळून विसरलेलं लिंबू कसं ना धड हिरवं राहतं ना धड पिकतं, तसल्या रंगाच्या. काल दुपारी ह्याच टाक्यांचा फोटो काढून त्याने ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, झकास. काल त्या एवढ्या गडद होत्या की काचेपलीकडचं काही दिसत नव्हतं. आज समोरच्या कंपनीची चिमणी आरपार दिसत होती, चिमणीवरचा कावळा दिसत होता, कावळ्याने मान वळवलेली पण दिसली. त्याने काचेला हात लावला, मग उगाच नाक लावलं. वास नव्हता. वास नाही हे बरं की वाईट, ते त्याला आठवेना. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. श्वेताचा मेसेज. श्वेता म्हणजे त्याची मोठी बहीण, मुलुंडला दिलेली. आपला चुलतभाऊ नितेशदादा उद्या पहाटे गाडी घेऊन गावाला निघतोय, आईसाठी जागा ठेवलीय, आज तिच्याशी बोल, बोलच, टाळू नकोस. सुयोगने फोन उलटा करून खिशात कोंबला. आईला गावी पाठवायचं हे त्याचं आणि श्वेताचं ठरलं होतं. आईलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. सतराव्या मजल्यावरच्या नव्या घरात आल्यापासून ती मिटत चालली होती. बोलायची नाही, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची, खिडक्यांवर काही ना काही टाकून काळोख करून बसायची. पांढरी पडत चाललीय, असं तो श्वेताला म्हणाला होता. आणि आता हे शेवाळ. ते पण पांढरं पडत चाललं होतं, आणि दोन्हीला उजेडात त्यानेच आणलं होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ह्या गाळ्यात ते शेवाळ वाढवायचे. शेवाळ म्हटलं की लोकांना न्हाणीतली घसरण आठवते, पण हे डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेकट्या पेशींचं, पाण्यात तरंगणारं, कोळंबीच्या पिल्लांना खायला घालायचं. सुयोग इथे लागला तेव्हा त्याला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. कॉलेज मध्येच सोडलेलं, तेही कॉमर्स. पण एकदा कुणीतरी एक बरणी दिव्यासमोर धरली आणि त्याच्या डोक्यात ते घुसलं ते घुसलंच. मग फोनवर व्हिडिओ, इंग्रजी कळलं नाही तर मागे घेऊन परत, मेट्रोत, जेवताना, संडासात. त्या एवढ्याशा पेशीत उजेड पकडायची जाळी असते, हिरव्या रंगाचीच विणलेली. उजेड कमी पडला की पेशी जाळं वाढवते, पसरते, मिळेल तो कण ओढून घेते. उजेड भरपूर झाला की जाळं आवरायचं. ते कसं आवरते हे त्याला भारी आवडायचं. नवं जाळं विणायचा हुकूम पेशीत निघालेला असतो, आणि एक प्रथिन येऊन त्या हुकमावर चक्क बसून राहतं, सरकारी ऑफिसात फाईलवर बसतात तसं. हुकूम आहे, पण पुढे सरकत नाही. तोवर अंगावर येणारा जास्तीचा उजेड उष्णता करून बाहेर टाकायचा आणि जीव धरून राहायचं. हे त्याने चहाच्या टपरीवर, बरोबर काम करणाऱ्या केतनला इतक्यांदा सांगितलं होतं की केतन त्याला प्रोफेसर म्हणायचा. ह्या सगळ्याला वेळ लागतो, हेही त्याला माहीत होतं. आतल्या खोलीत मंद ट्यूबखाली वाढलेलं शेवाळ बाहेर आणताना आधी वर ऊन अडवायच्या दोन हिरव्या जाळ्या, मग एक, मग उघडं, असं दिवसादिवसाने करायचं असतं. ते त्याला पाठ होतं. आणि पाठ असून काल गाळा चालवणाऱ्या माधुरी मॅडम कामाने मालाडला गेल्या असताना त्याने आतल्या बरण्या वर आणून टाक्यांत ओतल्या आणि जाळ्या गुंडाळून भिंतीला लावून ठेवल्या. का, तर त्याला बघवेना. वर सूर्य धो धो सांडतोय आणि हे आतल्या खोलीत, त्या मेल्या ट्यूबखाली, भिंतीकडे तोंड करून. एवढं हिरवंगार, एवढं तगडं, आणि काळोखात. काल ओतताना तो आनंदाने गुणगुणत होता हे त्याला आता आठवलं आणि लाज वाटली.

माधुरी मॅडम आल्या. ओरडतील म्हणून तो तयारीत उभा होता, खाली बघत, जीभ दातात धरून. त्या ओरडल्या नाहीत. पर्स खांद्यावरच ठेवून एका टाकीभोवती फिरल्या, हवेचा पाइप बंद केला, बुडबुडे थांबले. मग स्टूलवर बसून म्हणाल्या, बघू खाली बसतंय का. खाली बसलं तर गेलं. तरंगत राहिलं तर जिवंत आहे. तोही बाजूला उकिडवा बसला. ऊन मानेवर चढत होतं. न राहवून तो म्हणाला की मॅडम, काल काय तब्येत होती ह्याची, एवढं गडद मी कधी बघितलं नव्हतं. त्या त्याच्याकडे वळल्या. "सुयोग, गडद हिरवं म्हणजे तब्येत नाही रे. गडद हिरवं म्हणजे भूक. उजेड मिळत नव्हता म्हणून सगळं अंग जाळं करून बसलेलं ते. तू त्याला एकदम दुपारच्या उन्हात धरलंस. एवढ्या मोठ्या जाळ्यात एवढा उजेड. ते घेणार किती आणि टाकणार किती?" टाकीच्या तळाला बारीकसा थर दिसायला लागला होता, पण वरचं पाणी अजून फिकट हिरवं होतं, तरंगत होतं. काही गेलंय, काही आहे, असं त्या म्हणाल्या. फिकट म्हणजे मेलंच असं नाही. जाळं जळलंय की त्याने आपणहून आवरलंय, हे आज कळणार नाही. दोन्ही जाळ्या घाल वरती, हवा चालू कर, आणि मग त्याला हात लावू नकोस. जिन्याच्या दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं, "आणि दर दहा मिनिटांनी बघायला येऊ नकोस. तुझं पण डोकं शांत होऊ दे. किती दिवस झाले झोपला नाहीस?" तो हसला. झोपतो ना मॅडम, म्हणाला. खोटं होतं ते.

झोप येत नव्हती त्याला. नवीन घरात आल्यापासूनच. ह्यात न झोपण्यासारखं काय, तेच कळत नव्हतं. उलट आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते सगळं होतं, खिडक्या होत्या, वारा होता, समोर काहीच नव्हतं, सरळ आभाळ. पण डोळे मिटले की पापण्यांच्या आत सगळं लख्ख. समोरच्या पार्किंगच्या इमारतीवरचे हॅलोजन, दूर विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे, खाली रिक्षा, लिफ्टची घंटी, शेजारच्या फ्लॅटमधल्या मिक्सरचा आवाज, तो आवाज कसला ते ओळखायचं, मग मिक्सरमध्ये काय असेल ते, मग एवढ्या सकाळी कशाला ते. काहीही आलं की मन उठून दारात उभं. कोण आहे, काय आहे, काय म्हणतंय. आज दुपारी घरी येताना मेट्रोत पण तेच. डब्यात जागा मिळाली, थंडगार एसी होता, तरी समोरच्या बाईच्या फोनवरचा मेसेज त्याने उलट्या अक्षरांत वाचला, मागच्या दोघांचं भांडण मनात पूर्ण ऐकलं, जाहिरातीतल्या पोरीच्या दातांवरचा डाग बघितला, आणि घाटकोपरला उतरला तेव्हा इतका दमला होता की जिना चढताना भिंतीला हात लावावा लागला. गडद हिरवं म्हणजे भूक. ते वाक्य मॅडमच्याच आवाजात डोक्यात फिरत होतं. तो आतून गडद हिरवा होता.

ही नवी इमारत उभी होती त्याच जागेवर आधी बैठी चाळ होती त्यांची, टेकडीच्या पोटात खणून बसवलेली. शेवटची खोली त्यांची. मागे टेकडी, बाजूला टेकडी, पुढे दोन हातांवर दुसऱ्या रांगेच्या पाठी. भरदुपारी ट्यूब लावावी लागायची. उजेड आत यायचा तो एकाच वाटेने. छपरात एक काचेचं कौल होतं, बाबांनी बसवलेलं. धाकू म्हणजे त्याचे बाबा, मिल बंद पडल्यावर फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्टमन झाले. दिवसभर त्या डब्यात, घरी आले की ह्या डब्यात. दर दिवाळीला ते छपरावर चढून राखेने आणि चिंचेने ते कौल घासायचे, आणि आई खालून सांगायची, अजून, अजून, कडेक, ऱ्हवला बघा. मग कवडसा पडायचा. सकाळी भांड्यांच्या फळीवर, मग खाली जमिनीवर, मग सरकत सरकत मोरीच्या कठड्यावर चढून गायब. घरातलं सगळं त्याच्यामागे सरकायचं. कोकमांचं ताट सरकायचं, ओला शर्ट सरकायचा, बाबांचे सांधे दुखायला लागल्यावर बाबा पण पाय घेऊन सरकायचे. आणि सुयोग पुस्तक घेऊन. पान त्या तुकड्यात, बोट त्या तुकड्यात, आणि तो तुकडा निसटायला लागला की ढुंगणाने पुढे, ओळ न सोडता. कधीकधी ताट, शर्ट, पाय आणि पुस्तक सगळे एकाच चौकोनासाठी भांडायचे. आई म्हणायची, पोराक देवा तो, कोकमां उद्या सुकतली. तिथेच शिकला तो ओढून घ्यायला. शेजारचा टीव्ही भिंतीतून ऐकून अख्खी मालिका न बघता बघायचा. कोणी इंग्रजीत बोललं की शब्द उचलायचा आणि रात्रभर तोंडात घोळवायचा. जे येईल ते घ्यायचं, परत येईल न येईल. बाबा गेले तेव्हाही तो कवडसा त्यांच्या चादरीवर होता आणि ह्या घराचा नुसता नकाशा आला होता. त्यांना हा उजेड दिसला नाही, हे सुयोगला रोज एकदा तरी टोचायचं, आणि म्हणून आई ह्या उजेडात काळोख करून बसली की त्याला राग यायचा. एवढ्यासाठी केलं का सगळं. मग रागाची भीती वाटायची. मागच्या आठवड्यात तो तिच्यावर खेकसला होता, आई जरा गप्प बस ना. तिने कुकरची शिटी हातातल्या फडक्याने दाबली होती आणि मान हलवली होती. नंतर ती गप्पच.

सतराव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. त्याने वाक्य तयार केलं होतं. आई, थोडे दिवस गावाला जाऊन ये, तुला बरं वाटेल. साधं वाक्य. चप्पल काढून त्याने किल्ली फिरवली आणि आत पाय टाकला तर काळोख. हॉलची खिडकी पश्चिमेची, दुपारी तिच्यातून भट्टी उघडल्यासारखं ऊन यायचं, आणि त्या खिडकीवर आज गोधडी होती. वरच्या दांडीला सुतळीने घट्ट बांधलेली, जुन्या लुगड्यांची, जाड. टीव्ही चालू होता, आवाज बंद. जानकी, त्याची आई, जमिनीवर बसून लसूण सोलत होती, सालं ओंजळीत धरून, खाली पडून वाजतील अशा बेताने. फॅन तेवढा फिरत होता. ती त्याच्याकडे बघून नुसती हसली, ओठांवर बोट ठेवल्यासारखं काहीतरी केलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तो उभाच राहिला. सालं वाजू नयेत म्हणून धरून बसलेली ही बाई, हिला काय झालंय. त्याला वाटलं आता बोललो नाही तर उशीर होईल, खाली थर बसायला लागला असेल. त्याने ते वाक्य म्हटलं. नितेशची गाडी, उद्या पहाट, जागा ठेवलीय, श्वेताशी बोलणं झालंय, सगळं एका दमात. आणि शेवटी, तयारीत नसलेलं, की आई, तुला हा उजेड सोसत नाही, मला कळतंय, माझं चुकलं.

जानकीने लसणाची पाकळी वाटीत ठेवली. "माका सोसणा नाय?" ती म्हणाली. आवाज हळूच, पण त्यात जुनी धार होती. "माका काय धाड भरलीहा? मी रोज सकाळी गच्चीर जातंय. नवव्या माळ्यावरची शकु आणि मी. कोकमां सुकत घातली होती, तर तो सेक्रेटरी शरच्चंद्र इलो सांगूक, की गच्ची कॉमन आसा, वाळवण चलणा नाय. शकून त्याका असो घेतल्यान, असो घेतल्यान, की आता तोच ताटां राखता." सुयोगला काहीच जुळेना. मग ही गोधडी, त्याने विचारलं. टीव्ही मुका का, फोन का उचलत नाहीस, बोलत का नाहीस माझ्याशी. ती उठली, सालं नेऊन टोपलीत घातली, हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, खालून वर बघत, लहानपणी ताप आहे का बघायची तशी.

"गोधडी माझ्यासाठी नाय लावलंय रे, तुझ्यासाठी लावलंय. किती दिस तू झोपाक नाय. डोळे बघ आरशात, सुक्या बांगड्यासारखे दिसतत. कामावरसून येतंस तो ह्या भट्टीत बसतंस, रात्री कुस बदलतंस ती माका आतसून आयकाक येता. जरा पापणी मिटतंस तो कायतरी वाजता आणि तू ताडकन उठान बसतंस. म्हणान मी टीव्हीचो आवाज बंद केलंय, फोनाचो बंद केलंय. तूच म्हणालंस ना, गप्प बस. बसलंय."

ती रागावली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. सगळ्या गोष्टी, एकेक, उलट्या होऊन त्याच्याकडे बघायला लागल्या. दाबलेली शिटी. दुपारी फोडणी न देता केलेली डाळ. खिडकीवर टाकलेल्या चादरी, साड्या, आणि त्याने दर वेळी येऊन त्या ओढून काढल्या होत्या, उजेडात बस गं म्हणून. दर वेळी तिने परत बांधल्या होत्या, थोड्या आणखी घट्ट. फिकट ती नव्हती. ती तर रोज गच्चीवर उन्हात सेक्रेटरीशी भांडत होती, काळी झाली होती थोडी, आता जवळून दिसत होतं, नाकावर उन्हाचा पट्टा होता. त्याने तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. एवढं सगळं ओढून घेत होता, समोरच्या बाईचा मेसेज, पोरीचा दात, विमानाचा दिवा, आणि घरातलं हे एक माणूस त्या जाळ्यातून रोज निसटत होतं. त्याला हसू आलं. मी खंय जावचंय नाय, असं जानकीने स्वयंपाकघरातून सांगितलं, विषय संपल्यासारखं, आणि नितेशाक, गाडीत जागा झाली तर, येताना आंब्याची पेटी हाडूक सांग. मग ती चटई घेऊन आली, हॉलच्या मधोमध अंथरली, उशी आपटली आणि म्हणाली, पड.

तो पडला. लगेच काही झोप लागली नाही. डोळे मिटले तशी आतली लख्ख भिंत उभी राहिलीच. फॅनचं एक पातं करकरत होतं, त्याला तेल लागेल, कोणतं तेल, शिडी कुठे. टाक्यांवर जाळ्या नीट बांधल्या होत्या का, वाऱ्याने उडाल्या तर. केतनला विचारावं. हात फोनकडे गेला, फोन तिथे नव्हता, आईने उचलला होता. मग डोळे उघडले तर वरती गोधडी, आणि गोधडीच्या एका कोपऱ्याला तिने मुद्दाम दुमडून पिन लावली होती. हाताच्या पंजाएवढी जागा. कौलाएवढी. तिथून एक चौकोन सरळ खाली आला होता आणि भिंतीजवळ जमिनीवर पडला होता, नव्या गुळगुळीत लादीवर, जुन्या शेणाच्या जमिनीवर पडायचा तसाच. आईने लसणाची वाटी त्याच्यात नेऊन ठेवली होती. तो बघत राहिला. धूळ त्यात वर खाली होत होती, तरंगत होती, बसत नव्हती.

कुठेतरी फोन थरथरला. आईचा आवाज आला, अगदी बारीक, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बोलल्यासारखा. "श्वेता, हळू बोल गो. तो निजलोहा. नाय, मी नाय जायत. मागसून सांगतंय सगळा." त्याला सांगावंसं वाटलं की अजून नाही झोपलो. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. कोणीतरी त्या हुकमावर बसलं होतं. पुढचं वाक्य श्वेता काय म्हणाली असेल ते ओळखायचा प्रयत्न त्याने केला आणि मध्येच सोडून दिला, बोलू दे तिला. चौकोन हलला होता. वाटी सोडून तो लादीच्या रेघेवर आला, रेघ ओलांडली, चटईच्या काठाला टेकला. लहानपणी इथे त्याने ढुंगण पुढे सरकवलं असतं, पुस्तक पुढे, बोट ओळीवर. चौकोन त्याच्या तळव्यावर चढला, उबदार, बोटांवरून मनगटावर, मनगटावरून पलीकडे चटईवर, चटईवरून लादीवर, आणि दाराकडे निघाला. सुयोग सरकला नाही.